अठरा वावांचा चिखल

गणपती पेठेच्या तोंडाशी मागून कुणीतरी कॉलर धरली, तेव्हा सयाजीला आधी वाटलं, ओळखीचं कुणी थट्टा करतंय. तो हसतच वळला. धरणारा अनोळखी होता. पंचविशीतला, उघड्या दंडाचा, हातांना रॉकेलचा वास. त्याच्या मागं चारपाच जण काठ्या टेकून उभे होते आणि सयाजीच्या धोतराकडे, कोटाकडे, चष्म्याकडे बाजारात बैल निरखावा तसे बघत होते. "नाव काय?" धरणाऱ्यानं विचारलं. सयाजीच्या ओठांवरचं हसू तसंच अडकून राहिलं. "मुका हाईस? आडनाव सांग, आडनाव." आणि मग सयाजीच्या तोंडातून जो आवाज निघाला तो गेल्या दहा वर्षांतला त्याचा आवाज नव्हता. कॉलेजात येताना तो आवाज त्यानं गावाच्या वेशीवर ठेवला होता, निदान त्याला तसं वाटत होतं. "आरं सोड की गड्या. थोरात हाय मी. आष्ट्याकडचा. आकाराम हवालदाराचा धाकला भाऊ." कॉलर सुटली. एवढंच नाही, त्या माणसानं ती दोन्ही हातांनी नीट बसवली, वरून थोपटली. "तसं बोलायचं न्हवं आदीच. आज असल्या कापडात भाईर फिरू नगं," तो म्हणाला आणि घोळका पुढं सरकला. सयाजी बंद दुकानाच्या फळीला टेकून उभा राहिला. धरली तेव्हा भीती वाटली होती. थोपटली तेव्हा जे वाटलं त्याला त्याच्याकडे शब्द नव्हता. मानेवरून कुणी ओल्या हाताचा पंजा फिरवावा आणि तो वाळूच नये, तसं काहीतरी.

दिल्लीला गांधींना गोळ्या घातल्याची बातमी रेडिओवरून आली होती, आणि तिच्या मागोमाग मारणाऱ्याची जात. दोन्ही बातम्या सांगलीत एकाच रस्त्यानं शिरल्या, पण दुसरी जास्त वेगानं पसरली. आता पेठेतल्या घरांच्या मागून धूर उठत होता, एका ठिकाणी नाही, तीन-चार ठिकाणी, आणि तो धूर चुलीचा नव्हता. त्यात तेल होतं, लाकडाचं पॉलिश होतं, गाद्यांचा कापूस होता. सयाजीला कॉलेजातले बेहेरे सर आठवले. खरं म्हणजे कॉलर धरल्या क्षणापासून तेच आठवत होते, कारण त्या माणसानं त्याला ब्राह्मण समजून धरलं होतं, आणि ते सर होते. तो मिरज रस्त्याकडे चालू लागला. पळावंसं वाटत होतं, पण पळणाऱ्याच्या मागं माणसं लागतात हे त्याला ठाऊक होतं. पत्रीसरकारच्या दिवसांत गावच्या चावडीपुढं त्यानं हे पाहिलं होतं. पोलिसांना खबर देणारा एक माणूस पळाला होता, सापडला होता, आणि त्याला उताणा पाडून, पाय वर बांधून, तळव्यांवर काठी चालली होती. सुट्टीला आलेला सयाजी गर्दीत उभा होता. त्यानं मारलं नाही, आणि थांबवलंही नाही. चौथ्या-पाचव्या फटक्याला माणसाचा आवाज माणसाचा राहत नाही, एवढं त्यानं ऐकलं. दुसऱ्या दिवशी सांगलीला परत येऊन तो सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला तेव्हा त्याचा हात जराही थरथरत नव्हता. त्या स्थिर हाताचा त्याला तेव्हा अभिमान वाटला होता. आता चालता चालता त्यानं तो हात कोटाच्या खिशात घातला.

सरांनी त्याला दिलेलं काम समुद्राचं होतं. समुद्रच न पाहिलेल्या माणसाला. वनस्पतिशास्त्राचा साधा डेमॉन्स्ट्रेटर तो, मुलांना फुलं चिरून दाखवणारा, आणि सरांनी एक दिवस त्याच्यापुढं काळ्या चिखलाची बशी ठेवली आणि विचारलं, "ह्यात काय दिसतंय?" चिखल होता. कुजक्या अंड्याचा वास होता. सरांनी तो चिखल कॉस्टिकमध्ये उकळला, धुतला, मग तेजाबात टाकून तापवला. जे जे जळण्यासारखं होतं ते काळं पडून विरघळून गेलं आणि तळाशी चिमूटभर पिवळट धूळ उरली. काचेवर घेऊन पाहिली तर त्यात गोल, तिकोनी, काटेरी, जाळीदार असे कण. झाडांचा पराग. नेच्यांचे बीजाणू. आतलं जिवंत ते सगळं मेलेलं, पण वरचं कवच जसंच्या तसं. "ह्या कवचाला पाणी काही करत नाही, आम्ल काही करत नाही," सर म्हणाले होते. "फक्त हवा लागू द्यायची नाही. हवा लागली की कुजतं. म्हणून समुद्राच्या तळाचा हा चिखल. तिथं हवा पोचत नाही." आणि मग सर त्यांच्या सवयीप्रमाणं टेबलाच्या कडेवर बसून बोलत राहिले. पराग समुद्रात पडला म्हणजे दगडासारखा तळाला गेला असं समजू नकोस. तो आधी तरंगतो. भिजतो. ओढ्या-नद्यांतून आलेला असला तर मातीच्या बारीक कणांबरोबर येतो, आणि खाडीच्या तोंडाशी गोडं पाणी खाऱ्याला भेटलं की दुधात ताक पडावं तशी ती माती फाटते, तिचे गोळे बनतात, आणि त्या गोळ्यांत अडकून पराग खाली बसायला लागतो. जड असतो तो काठाजवळ राहतो, हलका लांब जातो. कांदळाचा पराग खाडीच्या आसपास सापडतो, नेच्याचे बीजाणू घाटातून ओढ्यांबरोबर येतात. वाळू असेल तिथं काहीच टिकत नाही, लाटा पाखडून टाकतात. "जिथं पाणी दमतं तिथं पराग बसतो," सर म्हणाले होते, आणि सयाजीला ते वाक्य एवढं आवडलं होतं की पुढं कित्येक दिवस तो ते मनातल्या मनात म्हणत असे.

मग जयगडची ती सफर. युद्ध संपल्याच्या पुढच्या हिवाळ्यात, खारवी मच्छीमारांच्या मचव्यातून. सयाजी पहिल्या तासातच ओकून ओकून रिकामा झाला होता आणि फळीवर पडून राहिला होता. सर पन्नाशीचे, धोतर वर खोवून, लोखंडी नळ दोराला बांधत होते. नळाच्या डोक्यावर शिशाचं ओझं. दोर सोडला की नळ सरळ खाली जाऊन चिखलात रुतायचा, आणि ओढून काढला की आत चिखलाचा खांब यायचा, वरचा थर नवा, खालचा जुना. किनाऱ्यापासून लांब, जिथून जमीन निळी रेघ झाली होती, तिथं दोर अठरा वाव, म्हणजे शंभरावर फूट, गेला. वर आलेला नळ सयाजीनं स्वतः मांडीवर घेतला, दोन्ही तोंडं मेणानं बंद केली. त्याच्या थंडपणाची आठवण अजून त्याच्या मांडीत होती. त्या नळाच्या वरच्या बोटभर चिखलात पुढं सांगलीला त्याला बाभळीचा पराग सापडला. बाभळीचा एकेक कण सुटा नसतो, सोळा-सोळाचा झुबका असतो, चुकायचं कारण नाही. कोकणच्या तांबड्या जमिनीत बाभूळ फारशी नाही. देशावरच्या नद्या सगळ्या उगवतीला जातात. म्हणजे त्याच्या गावाकडच्या कुठल्यातरी बांधावरची धूळ हिवाळी वाऱ्यावर घाट ओलांडून, कोकण ओलांडून, त्या पाण्यावर पडली होती आणि अठरा वाव खाली बसली होती. सरांनी ती काच तीनदा पाहिली. "एकच झुबका आहे," ते म्हणाले. "एकानं काही सिद्ध होत नाही. खालचे थर बघ." खालचे थर अजून नळातच होते, मेण न फोडलेले, सरांच्या घराच्या मागच्या पडवीत, इतर नळांबरोबर. कॉलेजात जागा नव्हती म्हणून.

आकाराम इटलीहून परत आला त्या साली सयाजीनं हे सगळं त्याला मोठ्या हौसेनं सांगितलं होतं. थोरला भाऊ, ज्यानं शाळा सोडून नांगर धरला म्हणून धाकट्याला शिकता आलं, आणि नांगर सोडून पलटणीत गेला म्हणून कॉलेजची फी भरता आली. आकाराम गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून विडी ओढत ऐकत होता. "बसायला किती येळ लागतो त्या धुळीला?" त्यानं विचारलं. सयाजी म्हणाला, कण केवढा त्यावर आहे, आठवडे लागतात कधी कधी. आकारामनं मान हलवली. मग म्हणाला, "आमच्या म्होरली बोट फुटली तवा मी कठड्याला हुतो. मानसं पान्यात. तेल पेटल्यालं वर. आमाला थांबायचा हुकूम न्हवता. मानूस सरळ न्हाई जात रं खाली. वर येतंय, परत जातंय. त्यो बी आदी भिजतोय, मग जातोय." आणि विडी पायाखाली चिरडून तो बैलांना वैरण टाकायला उठला होता. सयाजीनं पुन्हा कधी त्याच्याकडे समुद्राचं नाव काढलं नाही.

बेहेऱ्यांचं घर रस्त्यापासून आत, मळ्याच्या कडेला एकटं होतं. मागं ऊस, त्यापलीकडे नदीकडे उतरणारी पायवाट. सरांच्या बायकोनं, काकूंनी, दार उघडलं नाही. खिडकीच्या फटीतून नाव विचारलं. आज दुसऱ्यांदा त्याला कुणी नाव विचारत होतं. "सयाजी आहे, काकू," तो म्हणाला आणि यावेळी आवाज आपोआप शहरी निघाला, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याला स्वतःचा राग आला. आत सर पाटावर बसून जेवत होते. ताटात आमटी-भात होता. "माझे विद्यार्थी आहेत अर्ध्या गावात," ते म्हणाले. "कोण येणार आहे इकडे?" सयाजीनं पेठेतलं सांगितलं नाही. त्यानं खिडकी उघडली आणि धूर दाखवला. सरांनी धुराकडे पाहिलं, हात धुतले, आणि टोपी शोधायला लागले. टोपी सापडेना. ते एकेक खुंटी चाचपत फिरत राहिले. शेवटी काकूंनी त्यांचा दंड धरला आणि चुलीवरचं दूध खाली उतरवून, मागच्या दारानं त्यांना बाहेर काढलं. पडवीत नळांच्या फळीपाशी सयाजी थबकला तेव्हा सर म्हणाले, "राहू दे ते."

"सर, न उघडलेले आहेत."

"चिखल आहे तो, सयाजी. समुद्रात हवा तेवढा आहे. चल."

नदीकाठच्या पडीत सिद्धू धनगराची मेंढरं बसायला होती. सयाजीच्या वडिलांपासूनची ओळख. दर सालाला त्यांच्या शेतात त्याची मेंढरं बसत. उसाच्या पात्यांनी काकूंचे हात कापले, सरांचा जोडा चिखलात राहिला, पण वाटेत कुणी भेटलं नाही. सिद्धूची बायको धोंडुबाई चुलीपाशी बसली होती. तिनं तिघांकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. स्वतःच्या अंगावरचं घोंगडं काढून काकूंच्या डोक्यावरून पांघरलं, कपाळ झाकेल असं. "हितं बसा, मेंढरांत. कुत्री हाईत आमची. कोन यायचं न्हाई," ती म्हणाली. सर मेंढरांच्या मधोमध उकिडवे बसले. त्यांचे ओठ हलत होते, पण ते देवाचं नाव नव्हतं. सयाजीनं वाकून ऐकलं तर ते टोपीचंच काहीतरी म्हणत होते. "म्या संध्याकाळला गाडी जुपून म्हैसाळकडं सोडतो त्येस्नी," सिद्धू म्हणाला. "तुमी बी बसा." सयाजी बसला नाही. तो उसात परत शिरला.

पुढं कित्येकदा त्यानं स्वतःला विचारलं, की तो कशासाठी परत गेला. उत्तर दर वेळी तेच यायचं आणि दर वेळी त्याला ते पटायचं नाही. माणसं सुरक्षित होती. घरात कुणी नव्हतं. तो नळांसाठी परत गेला. बारदानात नळ भरत असताना, जड लोखंड एकावर एक आदळत असताना, त्याच्या मनात एक विचित्र आनंद होता, लहानपणी पुरात वाहत आलेला ओंडका ओढून काठाला लावताना व्हायचा तसला. अठरा वावांचा नळ त्यानं सगळ्यात शेवटी उचलला. आणि रस्त्याकडून आवाज आला. घोषणा नव्हत्या. नुसता पुष्कळ पावलांचा, आणि मधूनच डबा दगडावर आदळल्याचा. त्यानं नळ खाली ठेवला. फळीवर, चिखल तापवायला ठेवलेली, तेजाबाची काचेची बरणी होती. ती त्यानं उचलली, बूच काढलं, आणि रुंद तोंडाच्या भांड्यात ओतलं. तेलासारखं, सावकाश, आवाज न करता ते पडलं. हात स्थिर होता. हे त्यानं घाबरून केलं नाही. तो रोज करत होता तसंच त्यानं हे केलं.

भांडं हातात घेऊन, पुढचं दार उघडून तो पायरीवर उभा राहिला तेव्हा चाळीस-पन्नास माणसं अंगणाच्या कडेला आली होती, आणि सगळ्यांच्या पुढं, खाकी पँट आणि वर बंडी घातलेला, हातात रॉकेलचा डबा घेतलेला आकाराम होता. दोघांनी एकमेकांना एकदमच पाहिलं. आकाराम थांबला, म्हणून मागची माणसं थांबली.

"सया? तू हितं काय करतुयास?"

"दादा, मागं फिर."

"आत कोन हाय?"

"कोण नाही. गेले ते."

"मग झालं की. हो बाजूला. रिकामं घर हाय, पेटवतो आन जातो."

"पेटवायचं नाही."

आकारामनं कपाळ पुसलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, थकवा होता, बांधावर बैल अडून बसल्यावर यायचा तसला. "तुजं काय हाय आत?" त्यानं विचारलं. सयाजी भांडं सावरून धरत चौकटीत सरकला. मागून कुणीतरी ओरडलं, "बामनाचं कुत्रं हाय ते, वडा त्येला." एक दगड येऊन चौकटीला लागला. आकारामनं मागं वळून हात वर केला, गर्दी जरा दबली, आणि तो पायरीजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "सया, घडीभर ऐकत्यात ही माजं. त्येच्या म्होरं ऐकायची न्हाईत. मग घरासंगं तू बी जाशील. हो बाजूला म्हनतो मी." त्यानं डबा खाली ठेवला. मोकळा झालेला हात त्यानं सयाजीच्या खांद्यावर ठेवला आणि पहिल्या पायरीवर पाय टाकला. त्या हाताला रॉकेलचा वास होता. सयाजीनं भांडं उचललं आणि आतलं तेजाब समोर फेकलं.

आधी काहीच झालं नाही. आकारामनं डोळे मिटले, जणू पाणीच पडलंय. मग त्याची मान मागं गेली आणि तोंडातून जो आवाज आला तो सयाजीनं एकदा ऐकला होता, चावडीपुढं. बंडीच्या खांद्याला भोकं पडत होती, कापड भुरभुरून गळत होतं, डाव्या गालाची कातडी पांढरी होऊन सरकली. सयाजीच्या हातातलं भांडं पडून फुटलं. मग मात्र त्याला सगळं ठाऊक होतं: पाणी, पुष्कळ पाणी, लगेच, थांबायचं नाही. त्यानं भावाला काखेतून धरलं आणि फरफटत विहिरीजवळच्या हौदाशी नेलं. आकाराम हातपाय झाडत होता, त्याचं कोपर सयाजीच्या तोंडावर बसलं, दात हलला. सयाजीनं त्याचं डोकं मानेला धरून हौदात दाबलं. वर घेतलं, श्वास घेऊ दिला, पुन्हा दाबलं. पाण्यात केस पसरले, बुडबुडे आले, काठावर दोन्ही हात आपटत राहिले. गर्दीला जे दिसलं ते एवढंच, की त्यानं भावाला जाळलं आणि आता बुडवतोय. पहिली काठी पाठीत बसली. दुसरी गळ्याच्या हाडावर. काहीतरी काडकन मोडलं आणि डावा हात त्याचा राहिला नाही. उजव्या हातानं त्यानं मान सोडली नाही. "धुतोय मी," तो म्हणत होता, "धुतोय रं, धुऊ द्या," पण तोंडात रक्त होतं आणि शब्द निघत नव्हते. बरगड्यांत लाथा बसल्या. कुणीतरी केस धरून त्याला मागं ओढलं, तो परत वाकला, भावाचं तोंड पुन्हा पाण्यात गेलं. किती वेळा, ते त्याला कळलं नाही. शेवटी तो हौदाच्या चिखलात पालथा पडला आणि त्याला गालाला ऊब लागली. घर पेटलं होतं. मागच्या पडवीतून आधी फुटक्या काचांचा आवाज येत राहिला, मग तोही थांबला.

मिरजेच्या दवाखान्यात दोघांना एकाच गाडीतून नेलं. आकारामचा डावा डोळा गेला. डॉक्टर म्हणाले, धुतलं नसतं तर दोन्ही गेले असते, आणि गळाही. हे त्यांनी सयाजीच्या खाटेपाशी उभं राहून सांगितलं, शाबासकी द्यावी तसं, आणि सयाजीनं तोंड भिंतीकडे केलं. सर आणि काकू म्हैसाळवरून कुठंतरी पुढं गेले, कोकणात बहिणीकडे असं कानावर आलं. गावी जायच्या आधी सयाजी एकदा मळ्यावरच्या सरांच्या घरी जाऊन आला. भिंती उभ्या होत्या. राखेत नळ पडले होते, मेण जळून गेलेलं, तोंडं उघडी. त्यानं एक नळ पायानं ढकलला तर आतून भाजलेल्या विटेसारखा तुकडा बाहेर पडला, तांबडा, कोरडा. पाण्याला आणि तेजाबाला जे करता आलं नव्हतं ते आगीनं आणि हवेनं मिळून केलं होतं. त्यानं तो तुकडा उचललासुद्धा नाही.

गावात आई, साळूबाई, त्याच्याशी बोलेना. ताट आणून समोर ठेवायची आणि पाठ फिरवायची. आकाराम सोप्यात कांबळ्यावर बसून असायचा, अर्धं तोंड पट्टीत. पट्टी बदलायला गावात कुणाचा हात धजत नव्हता, म्हणून ते काम सयाजीकडे आलं. गळ्याचं हाड अजून सांधलं नव्हतं, डावा हात झोळीत; एका हातानं तो कोमट पाण्यानं कापड भिजवायचा, सोडवायचा, मलम लावायचा. दोघं बोलत नसत. कापड सुटताना आकारामचा श्वास दातांतून यायचा, तेवढाच आवाज. एक दिवस दुपारी भावकीतले नानासो येऊन बसले. पोलीस गावागावांत फिरतायत, कोण कोण गेलं होतं ते विचारतायत, असं सगळं सांगून झाल्यावर ते सयाजीकडे वळले. "बाईमानूस घरात अडकल्यालं. तवा तू केलंस त्यात वावगं न्हाई, सयाजी. भाऊ आसला म्हनून काय झालं. हवालदारच म्हनला आमास्नी, चूक माजीच हुती, आत बाई हुती." सयाजीनं आकारामकडे पाहिलं. आकाराम उरलेल्या डोळ्यानं समोरच्या भिंतीकडे बघत होता. दारात उभी असलेली साळूबाई पदर तोंडाला लावून आत गेली, आणि थोड्या वेळानं तिघांसाठी चहा घेऊन आली. तीन कप. सयाजीच्या हातात तिनं कप दिला, खाली ठेवला नाही.

नानासो गेले. सयाजी पट्टी सोडवू लागला.

"कोण नाही, असं मी म्हणालो होतो," तो म्हणाला. "तू ऐकलंस."

"ऐकलं."

"मग लोकांना असं का सांगितलंस?"

"मग काय सांगू? आयेला काय सांगू, चिकलापायी टाकलं म्हनून?" आकारामनं मान वळवली नाही. "नळं हुती न्हवं चिकलाची? तूच बोलला हुतास गोठ्यात. मला पायरीवर याद न्हाई आली. दवाखान्यात आली. पडल्यापडल्या सगळं याद येतंय." तो पुढं म्हणाला, "हौदात मला वाटलं, बुडवतुयास तू मला. मी मनात म्हनलं, बुडीव. एकदा का हुईना, सरळ जाऊ दे खाली."

सयाजीचा हात ओल्या कापडावर थांबला. बाहेर कुणाच्यातरी उसाला तोड लागली होती. कोयत्यांचा आवाज येत होता, आणि न तोडलेल्या सऱ्यांवर वाळलेले तुरे उभे होते.

"काय हुतं रं त्या चिकलात?" आकारामनं विचारलं. "नीट सांग. मला ठावं पायजे."

सयाजीनं सांगितलं. सरांच्या शब्दांत सांगता येईना, म्हणून घरच्या शब्दांत सांगितलं. झाडाला फूल येतं, त्याची धूळ उडते. जड असंल ती जवळ पडती, हलकी असंल ती लांब जाती. वाऱ्यानं जाती, वढ्यानं जाती. दर्यात पडल्यावर भिजती, मातीला चिकटती, आणि पाणी थकलं की तळाला बसती. वर दुसरा थर, त्याच्यावर तिसरा. हजार वर्सं झाली तरी कवच तसंच राहतंय. आपल्या बाभळीची धूळ घावली हुती मला, घाट वलांडून गेल्याली, अठरा वाव खाली. एकच झुबका. आणखी हाय का बघायचं हुतं. बोलताना त्याचा आवाज कधी गावचा झाला ते त्याला कळलं नाही. आकाराम बाहेर उसाकडे बघत म्हणाला, "म्हंजी आपल्या तुऱ्याची बी आसंल त्यात."

"आसंल."

"वळखू आली आसती तुला?"

सयाजीला व्हय म्हणता आलं असतं. "न्हाई," तो म्हणाला. "ऊस, जुंधळा, कुसळी, गवतातलं सगळं एकसारखंच दिसतं. गोल, एका भोकाचं. न्हाई वळखू येत."

"म्हंजी आपलं वळखायला बी न्हवतं ते," म्हणत आकारामनं त्याच्याकडे तोंड फिरवलं. पट्टी सुटलेली होती; जिथं डोळा होता तिथली लाल, चकाकणारी खाच आणि शाबूत डोळा, दोन्ही सयाजीपासून हातभर अंतरावर होते. मग आकारामचा हात आला. लांबून, खांद्यातून, सगळ्या ताकदीनं. सयाजी कांबळ्यावरून घरंगळून भिंतीवर आपटला, मोडलेल्या हाडातून कळ डोक्यापर्यंत गेली, हललेला दात तुटून जिभेवर आला. आतून साळूबाई धावत दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली. आकाराम धापा टाकत होता. त्याचा हात अजून हवेत होता. मग त्यानं तो मांडीवर ठेवला.

"बांद आता," तो म्हणाला.

सयाजीनं दात अंगणात थुंकला. तोंड धुतलं, हात धुतला, उकळलेल्या कापडातली कोरडी पट्टी घेतली आणि परत कांबळ्यावर येऊन बसला. एका हातानं गुंडाळता येईना, पट्टी दर वेढ्याला सैल होऊन खाली घसरत होती. मग आकारामनं आपल्या कानामागं बोट नेलं, आणि पट्टीचं टोक तिथं दाबून धरलं.